अन्ननलिकेच्या कर्करोगातील 'मूळ पेशी' : खूण पटते, ओळख पटत नाही

वर्सोव्याचा समुद्रकिनारा २०१५ साली कचऱ्याखाली गाडला गेला होता. त्या वर्षी अफरोज शाह या वकिलाने तेथे सफाई सुरू केली, हळूहळू शेकडो हात जोडले गेले, हजारो टन कचरा उचलला गेला आणि २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे निघाली. ही कथा आता सर्वपरिचित आहे. तिच्यातला कमी सांगितला जाणारा भाग असा, की सफाई करणाऱ्यांना तीच वाळू पुन्हा पुन्हा साफ करावी लागत होती. आज स्वच्छ केलेला किनारा पुढच्या भरतीने पुन्हा भरून जाई. कारण कचरा किनाऱ्यावर तयार होत नव्हता, तो नाल्यांतून आणि खाडीतून समुद्रात जाऊन तेथून परत येत होता. दिसणारा कचरा उचलणे आणि तो जेथून येतो ती वाट बुजवणे, ही दोन वेगळी कामे आहेत.

कर्करोगावर उपचार करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. औषधांनी आणि किरणोपचारांनी गाठ विरघळते, स्कॅनवर काही दिसत नाही, रुग्णाला पुन्हा घास गिळता येऊ लागतो, घरात पेढे वाटले जातात. आणि वर्ष-दीड वर्षात रोग परत येतो, बहुधा पहिल्यापेक्षा हट्टी होऊन. गाठीतल्या जवळजवळ सगळ्या पेशी मेल्या तरी उरलेल्या मूठभर पेशी सारे पुन्हा उभे करू शकतात काय? आणि तसे असेल, तर त्या पेशी कोणत्या, हे आधी ओळखता येईल काय? 'कॅन्सर स्टेम सेल' या नावाने गेली तीसेक वर्षे जे संशोधन चालू आहे, त्याच्या मुळाशी हेच दोन प्रश्न आहेत. अन्ननलिकेच्या कर्करोगात ते विशेष निकडीचे ठरतात.

अन्ननलिका ही जेमतेम पंचवीस सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. घशापासून जठरापर्यंत घास पोहोचवणे एवढेच तिचे काम. त्यामुळे ती बिघडेपर्यंत तिची आठवण कोणाला होत नाही. ती लवचीक असल्याने गाठ बरीच वाढेपर्यंत अन्न अडत नाही. पोटातील आतड्यांना असते तसे बाहेरचे आवरण तिला नाही, त्यामुळे गाठ भिंतीतून बाहेर पडली की श्वासनलिका आणि महाधमनी या शेजाऱ्यांपर्यंत सहज पोहोचते. आधी भाकरी अडते, मग भात, मग पेज. रुग्ण डॉक्टरकडे येतो तो बहुधा या तिसऱ्या पायरीवर. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार जगात या रोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ४ लाख ४५ हजार मृत्यू झाले. भारतातील नव्या रुग्णांची संख्या सत्तर हजारांच्या घरात होती. नव्या रुग्णांचा आणि मृत्यूंचा आकडा इतका जवळजवळ असणे, हेच या रोगाचे भीषण लक्षण आहे.

मुंबईला या रोगाची ओळख जुनी आहे. डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंतच्या शहरात कोणाला कोणता कर्करोग झाला याचा हिशेब तेव्हापासून ठेवला जाऊ लागला आणि त्यात अन्ननलिकेने पहिल्यापासून ठळक जागा घेतली. जस्सावाला आणि देशपांडे यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुंबईतील अभ्यासात तंबाखू ओढणे आणि चघळणे या दोन्ही सवयींचा मुख, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगांशी असलेला संबंध मांडला होता. पाश्चात्त्य देशांत अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला, आम्लपित्ताच्या जुनाट त्रासातून होणारा ग्रंथिपेशींचा कर्करोग अधिक आढळतो. आपल्याकडे प्राबल्य आहे ते अस्तरातील चपट्या पेशींच्या, म्हणजे 'स्क्वेमस' प्रकाराचे. आणि त्यामागे विडी-सिगारेट, तंबाखूचे पान, मिश्री, मद्य ही मंडळी आहेत. पुढील विवेचन मुख्यतः या स्क्वेमस प्रकाराचे आहे.

आता 'मूळ पेशी' म्हणजे काय ते पाहू. अन्ननलिकेचे अस्तर अनेक थरांचे असते. सर्वांत खालच्या थरातील पेशी विभागत राहतात. त्यांच्या संततीतील काही पेशी वर सरकतात, चपट्या होतात आणि शेवटी घासाबरोबर खरवडून निघून जातात. वरच्या पेशींना भविष्य नसते. सारे भविष्य तळाशी असते. स्वतःसारखी नवी पेशी निर्माण करणे आणि त्याच वेळी वेगळ्या कामाच्या पेशींनाही जन्म देणे, ही दुहेरी क्षमता ज्या पेशीत असते तिला स्टेम सेल म्हणतात. इंग्रजीत तिला खोडाचे नाव मिळाले, मराठीत आपण 'मूळ पेशी' म्हणतो. आणि कर्करोगाच्या संदर्भात तरी मराठी शब्द अधिक नेमका बसतो. शेतातील हरळी कितीही कापली तरी जमिनीतील मुळी शाबूत असेपर्यंत ती पुन्हा फुटते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. कर्करोगाच्या गाठीतही काही पेशी मुळीसारख्या आणि बाकीच्या पात्यांसारख्या असतात, अशी ही कल्पना आहे. या पेशी निरोगी मूळ पेशींपासूनच निघालेल्या असतात असे नव्हे. वागणे तसे असते, इतकेच. म्हणून काटेकोर लिहिणारे शास्त्रज्ञ 'मूळ पेशींसारख्या कर्कपेशी' असा सावध शब्दप्रयोग करतात. सोयीसाठी आपण त्यांना 'मूळ कर्कपेशी' म्हणू.

या कल्पनेला पहिला भक्कम आधार मिळाला तो रक्ताच्या कर्करोगात. टोरांटो येथे जॉन डिक यांच्या गटाने १९९४ मध्ये रुग्णांच्या ल्युकेमियाच्या पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत सोडल्या. जवळजवळ अडीच लाख पेशींमागे एखादीच पेशी उंदरात रोग रुजवू शकत होती, आणि त्या पेशींच्या पृष्ठभागावर विशिष्ट खुणा होत्या. २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी स्तनांच्या कर्करोगात तसेच दाखवले: ठरावीक खुणा असलेल्या अवघ्या शंभर पेशींनी उंदरात गाठ धरली, तर त्या खुणा नसलेल्या हजारो पेशी टोचूनही काही झाले नाही. घन स्वरूपाच्या गाठींतही मुळी असते, हे तेव्हा प्रथमच मान्य होऊ लागले.

यानंतर दोनच वर्षांनी या विषयात पुण्याचे नाव आले, ही गोष्ट मराठी वाचकाला फारशी ठाऊक नसते. गणेशखिंड येथील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. शर्मिला बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीजांडकोशाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या पोटात साचलेल्या पाण्यातून पेशी वेगळ्या केल्या आणि एकेका पेशीपासून स्वतंत्र वसाहती वाढवल्या. त्यांतली एकच वसाहत गाठ निर्माण करू शकणारी निघाली. अभ्यास चालू असतानाच दुसऱ्या एका वसाहतीने आपसूक कर्करोगी रूप धारण केले. दोन्हींत मूळ पेशींची लक्षणे होती. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे काम बीजांडकोशाच्या कर्करोगातील मूळ कर्कपेशींविषयीच्या अगदी सुरुवातीच्या संशोधनात गणले जाते. प्रयोगशाळेत बशीतली पेशी स्वभाव बदलते ही नोंद वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिची गरज पडणार आहे.

पुण्याच्या या कामामागे एक जुनी परंपराही आहे. पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवून वाढवण्याचे तंत्र भारतात रुजवले ते डॉ. कमल रणदिवे यांनी. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या रणदिवे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्याकडे शिकल्या. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढत असलेल्या 'हेला' पेशी ज्यांनी पहिल्यांदा वाढवल्या, तेच हे गाय. परतल्यावर रणदिवे यांनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. ल्युकेमिया, स्तन आणि अन्ननलिका या कर्करोगांचा प्राण्यांवरील अभ्यास त्यांच्या कामात होता. या संस्थेचे आजचे रूप म्हणजे खारघरचे 'अ‍ॅक्ट्रेक'.

अन्ननलिकेतील मूळ कर्कपेशी शोधायच्या कशा? पेशीच्या पृष्ठभागावर नाना प्रकारची प्रथिने टोचलेली असतात. त्यांतल्या एखाद्या प्रथिनालाच चिकटणारे, चमकणारा रंग लावलेले प्रतिपिंड पेशींच्या द्रावणात मिसळतात आणि फ्लो सायटोमीटर नावाचे यंत्र एकेक पेशी लेसरच्या झोतापुढून नेऊन चमकणाऱ्या आणि न चमकणाऱ्या पेशींची वाटणी करते. मग दोन्ही वाटे उंदरांत टोचायचे आणि गाठ कोणत्या वाट्यातून उगवते ते पाहायचे. ज्या प्रथिनाच्या आधारे अशी वाटणी यशस्वी होते, ते प्रथिन म्हणजे 'मार्कर', आपल्या भाषेत खूण. त्यांची नावे 'सीडी' आणि पुढे आकडा अशी रूक्ष असतात. ते केवळ नोंदणीचे क्रमांक आहेत, त्यात अर्थ शोधू नये.

अन्ननलिकेत सर्वाधिक चर्चा झाली ती सीडी-४४ या खुणेची. पेशींमधल्या जागेत जो चिकट पदार्थ असतो, त्याला पकडून ठेवणारे हे प्रथिन. २०११ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवले, की अन्ननलिकेच्या स्क्वेमस कर्करोगात सीडी-४४ भरपूर असलेल्या पेशी गाठ धरण्यात वरचढ असतात. २०१३ मध्ये हाँगकाँगच्या गटाने सीडी-९० ही खूण पुढे आणली. या पेशी थोड्या असूनही दूरवर पसरण्यात तरबेज होत्या. २०१६ मध्ये इंटेग्रिन अल्फा-७ हे नाव आले. त्याआधीपासून पी-७५ हे चेतापेशींच्या वाढीशी संबंधित असलेले ग्राही प्रथिन चर्चेत होतेच. पेशीच्या आतल्या खुणाही आहेत. सॉक्स-२ या जनुकाच्या जादा प्रती अन्ननलिकेच्या स्क्वेमस कर्करोगात आढळतात, हे २००९ मध्ये स्पष्ट झाले. गर्भावस्थेत अन्ननलिका घडवण्यात ज्याचा हात असतो, तेच हे जनुक. घडवणाराच पुढे बंडखोर व्हावा, असा हा प्रकार.

काही खुणा मात्र नुसत्या पाट्या नाहीत. त्या पेशीची हत्यारे आहेत, आणि मला त्या अधिक उद्बोधक वाटतात. एबीसीजी-२ हा पेशीच्या भिंतीतील पंप आहे. तो आत आलेला रंग बाहेर फेकतो, म्हणून रंगवलेल्या पेशींच्या गर्दीत या पेशी कोऱ्या राहतात आणि त्यावरूनच सापडतात. पण जो पंप रंग बाहेर टाकतो तोच केमोथेरपीची काही औषधेही बाहेर टाकतो. एएलडीएच-१ हे विकर पेशीतील विषारी अल्डिहाइडे निकामी करते. त्याच्या जोरावर काही कर्करोगविरोधी औषधेही बोथट होतात. शिवाय यांतल्या अनेक पेशी सावकाश विभागतात, आणि बहुतेक केमोथेरपी घाईने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालते. जो शांत बसतो तो वाचतो. उपचारानंतर उरलेल्या गाठीत अशा खुणांच्या पेशींचे प्रमाण वाढलेले दिसते, ते यामुळेच.

इथवरचे चित्र फार सुबक आहे: मुळी ओळखा, मुळीवर घाव घाला, हरळी संपली. प्रत्यक्षात ते इतके सोपे ठरले नाही, आणि अडचणी एकामागून एक पुढे आल्या.

पहिली अडचण अशी, की खुणा एकमेकींशी जुळत नाहीत. सीडी-४४ च्या आधारे निवडलेल्या पेशी आणि सीडी-९० च्या आधारे निवडलेल्या पेशी हे एकच टोळके नव्हे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे सीडी-४४ आणि पी-७५ ही दोन्ही प्रथिने निरोगी अन्ननलिकेच्या तळच्या थरातही असतात. चोराने घातलेला सदरा गावातल्या निम्म्या माणसांनी घातलेला असेल, तर सदऱ्यावरून चोर कसा पकडायचा?

दुसरी अडचण उंदरांची. मिशिगन येथील शॉन मॉरिसन यांच्या गटाने २००८ मध्ये त्वचेच्या मेलॅनोमा कर्करोगावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. आधीच्या पद्धतीने मोजले तर दहा लाखांत एखादी पेशी गाठ धरते असे वाटत होते. प्रतिकारशक्ती आणखी खच्ची केलेले उंदीर घेतले आणि टोचण्याची पद्धत सुधारली, तेव्हा जवळपास दर चार पेशींमागे एक पेशी गाठ धरू लागली. 'दुर्मीळ' ही विशेषणाची मिरवणूक त्या दिवशी बरीच लहान झाली. बी उगवले नाही याचा दोष प्रत्येक वेळी बियाण्याला देता येत नाही. कधी कधी जमीनच नाठाळ असते.

तिसरी अडचण सर्वांत मूलभूत आहे. पुण्यातील वसाहतीचे उदाहरण आपण पाहिले. २०११ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने स्तनांच्या पेशींत दाखवले, की ज्या पेशी मूळ पेशी नव्हत्या त्या परिस्थितीनुसार पुन्हा मूळ पेशींच्या अवस्थेत जाऊ शकतात. २०१७ मध्ये उंदरांच्या आतड्यातील गाठींत मूळ कर्कपेशी हेरून नष्ट केल्या गेल्या. गाठ मेली नाही. उरलेल्या पेशींनी तिला तगवून धरले आणि मारा थांबताच मूळ पेशी नव्याने तयार झाल्या. म्हणजे ही हरळी नव्हे. ही पानफुटी आहे: कुंडीत पडलेल्या पानाच्या कडेलाही मुळे फुटतात. 'मूळ पेशी' ही पेशींची जात नसून ती एक अवस्था आहे, जिच्यात पेशी शिरते आणि जिच्यातून बाहेरही पडते, असे आज बहुसंख्य संशोधक मानतात. खूण सांगते ती त्या क्षणीची अवस्था. कायमची ओळख ती सांगत नाही. त्याच प्रयोगातील एक गोष्ट मात्र दिलासा देणारी होती: मूळ जागेची गाठ या पेशींवाचून तगली, तरी यकृतात नवी वसाहत थाटण्यासाठी मात्र तिला या पेशी लागत होत्या.

अन्ननलिकेने तर आणखी एक धक्का दिला. निरोगी अस्तरात मूळ पेशींचा वेगळा, सावकाश विभागणारा वर्ग असतो असा समज होता. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१२ मध्ये उंदराच्या अन्ननलिकेत पेशींच्या पिढ्यांचा माग काढला, तेव्हा तळच्या थरातील विभागणाऱ्या पेशी जवळपास एकाच तोलाच्या निघाल्या. कोणती पेशी वंश चालवणार आणि कोणती वर सरकणार, हे बव्हंशी योगायोगावर ठरत होते. २०१८ मध्ये त्याच परिसरातून आलेला निष्कर्ष अधिक चकित करणारा होता. कर्करोग नसलेल्या, वीस ते पंचाहत्तर वर्षे वयाच्या नऊ माणसांच्या अन्ननलिकांचे अस्तर तपासले गेले. दिसायला पूर्ण निरोगी असलेल्या त्या अस्तरात कर्करोगाशी जोडलेल्या जनुकांत उत्परिवर्तन झालेल्या पेशींचे ठिपके होते आणि वयाबरोबर ते पसरत गेले होते. नॉच-१ या जनुकातील बदल तर कर्करोगापेक्षा निरोगी अस्तरातच अधिक आढळले! २०२१ मध्ये उंदरांत दिसले, की असे काही ठिपके शेजारी उगवणाऱ्या सूक्ष्म गाठींना रेटून अस्तरातून हुसकावूनही लावतात. जपानी संशोधकांनी २०१९ मध्ये नोंदवले होते, की मद्यपान आणि धूम्रपान करणाऱ्यांत धोकादायक ठिपके अधिक वेगाने वाढतात. आपल्या घशाखाली आयुष्यभर असे एक मूक राजकारण चालू असते आणि तंबाखू त्यात नको त्या बाजूला बळ देते.

मग या साऱ्या खुणांचा रुग्णाला उपयोग काय? येथे प्रश्न प्रयोगशाळेतून थेट रुग्णाच्या खाटेशी येतो.

नेदरलँड्समधील 'क्रॉस' चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले आणि शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी व किरणोपचार एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. त्यात पाच आठवड्यांत तेवीस वेळा किरण दिले जातात. वर्सोव्याच्या रुग्णाने मेट्रोने अंधेरी, तेथून लोकलने प्रभादेवी आणि पूल ओलांडून परळ असा प्रवास, गिळता येत नसताना, तेवीस वेळा करायचा. त्यानंतर शस्त्रक्रिया: अन्ननलिका काढून जठराची नळी करून ती वर ओढायची. ही मोठी आणि जोखमीची शस्त्रक्रिया आहे, तिच्यानंतर जेवणखाण आयुष्यभरासाठी बदलते. पण 'क्रॉस' चाचणीत स्क्वेमस प्रकारच्या रुग्णांपैकी ४९ टक्क्यांच्या काढलेल्या अन्ननलिकेत एकही जिवंत कर्कपेशी सापडली नाही. म्हणजे जवळपास निम्म्यांची अन्ननलिका काढली गेली तेव्हा तिच्यात रोग उरलेलाच नव्हता.

तर मग थांबून पाहावे काय? डच डॉक्टरांच्याच 'सानो' चाचणीने हे तपासले. उपचारानंतर ज्यांच्यात गाठ दिसत नव्हती, त्यांतल्या काहींवर शस्त्रक्रिया झाली आणि काहींवर फक्त बारकाईने देखरेख ठेवली गेली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण देखरेखीच्या गटात शस्त्रक्रियेच्या गटापेक्षा कमी नव्हते. मात्र देखरेखीखालील जवळजवळ निम्म्या रुग्णांत गाठ त्याच भागात पुन्हा उगवली आणि त्यांच्यापुढे शस्त्रक्रियेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. कोणाच्या अस्तरात पुन्हा रोग उभा करू शकणारी पेशी दडली आहे आणि कोणाच्या नाही, हे आधीच सांगता आले, तर एकाची अन्ननलिका वाचेल आणि दुसऱ्याचा अमूल्य वेळ. माझ्या मते मूळ कर्कपेशींच्या खुणांना खरे काम मिळेल ते येथे. गाठीच्या निदानाला त्यांची गरज नाही. गाठ दिसेनाशी झाल्यावर त्यांची गरज आहे. पण त्यासाठी उपचारापूर्वीच्या तुकड्यातील एकट्या सीडी-४४ चे मोजमाप पुरणार नाही. कारण उपचार स्वतःच पेशींची अवस्था बदलतात.

खुणांवरून थेट औषध बनवण्याचा मोठा प्रयत्न एकदा झाला आहे. नापाब्युकासिन हे औषध पेशीचा 'मूळपणा' टिकवणाऱ्या संदेशयंत्रणेवर घाव घालते, म्हणून त्याचा गाजावाजा झाला. जठराच्या आणि जठर-अन्ननलिका यांच्या सांध्यावरील प्रगत कर्करोगाच्या ७१४ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. नेहमीच्या औषधाबरोबर ते दिले काय किंवा त्याऐवजी निष्क्रिय गोळी दिली काय, रुग्णांचे मध्यमान आयुष्य दोन्ही गटांत सात महिन्यांच्या आसपासच राहिले. चाचणी २०१७ मध्ये गुंडाळावी लागली. त्यावरून ही कल्पनाच खोटी ठरत नाही. पण पानफुटीची मुळे खणून काढल्याने ती मरत नाही, हे त्या चाचणीने पुरेसे महागात शिकवले.

म्हणून आजच्या रुग्णाने आणि त्याच्या नातेवाइकांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. अन्ननलिकेच्या कर्करोगात सीडी-४४, सीडी-९० किंवा एएलडीएच-१ यांची तपासणी करून उपचार ठरवले जात नाहीत. अशा तपासणीवर पैसे खर्च करण्याचे कारण नाही. प्रत्यक्ष निर्णयात उपयोगी पडतात त्या वेगळ्या खुणा: प्रगत रोगात प्रतिकारशक्तीला चालना देणारी औषधे द्यायची असतील तर पीडी-एल-१, आणि ग्रंथिपेशींच्या प्रकारात हर-२. दुसरी गोष्ट अशी, की 'स्टेम सेल' या शब्दाच्या दोन वापरांची गल्लत होऊ देऊ नये. कर्करोगातील मूळ पेशी हा नष्ट करण्याचा विषय आहे. 'स्टेम सेल थेरपी' म्हणजे बाहेरून मूळ पेशी देणे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांतील प्रत्यारोपण सोडले, तर असा उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही. अन्ननलिकेच्या कर्करोगावर असा उपचार आहे असे कोणी सांगत असेल, तर त्या दवाखान्याची पायरी चढू नये.

खुणांच्या या साऱ्या गुंतागुंतीत एक जुनी, स्वस्त खूण मात्र आपले काम चोख करते, हे सांगितले पाहिजे. दुर्बीण अन्ननलिकेत घालून अस्तरावर आयोडीनचे पातळ द्रावण फवारतात. निरोगी चपट्या पेशींत ग्लायकोजेन असते, त्या तपकिरी होतात. बिघडलेल्या पेशींत ते नसते, तेवढा ठिपका फिका राहतो. डोळ्यांना एरवी न दिसणारी सुरुवात अशी दिसते आणि तेवढाच तुकडा तपासता येतो, कित्येकदा दुर्बिणीतूनच काढताही येतो. चीनच्या ज्या भागात हा रोग फार आहे, तेथे चाळिशी ओलांडलेल्यांची अशी एकवार तपासणी केली गेली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दहा वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. मुंबईत रोगाचे प्रमाण तेवढे नाही, त्यामुळे सरसकट सर्वांची दुर्बीण-तपासणी परवडणारी नाही. मात्र ज्याने वर्षानुवर्षे तंबाखू किंवा मिश्री वापरली आहे, मद्य घेतले आहे, अशा माणसाला घास छातीत अडकल्यासारखा वाटू लागला, तर दोन आठवड्यांपलीकडे वाट पाहू नये. पाणी पिऊन घास खाली ढकलता येतो तोवर दुर्बीण-तपासणी करून घ्यावी. तपासणी दहा-पंधरा मिनिटांची असते आणि तिच्यासाठी फक्त रात्रीपासून उपाशी राहावे लागते.